बहिणीच्या फिजिओथेरपीसाठी कर्ज काढावं का? पगार आन् हप्ता याचा मेळ बसते का?

कोरडवाहू_पाचएकर
नमस्कार मंडळी. आमचं गाव दारव्हा तालुक्यात, पाच एकर कोरडवाहू, कापूस आन् तूर, त्याच्यासोबत मी एका कृषी केंद्रात बसतो. लहान बहीण यंदा बारावी झाली, नीट दिली, एमबीबीएस तर सोडा बीएएमएसलेही लागत नाही एवढे मार्क आले. आता ती म्हणते फिजिओथेरपीच करायचं. नागपूरकडच्या एका खाजगी कॉलेजातून फोन आला का राउंडची (सरकारी प्रवेशफेरीची) वाट कायले पाहता, सीट पक्की करून देतो, फी पंच्याण्णव हजार वर्षाची, हॉस्टेल मेस धरून दीड लाखाच्या घरात जाते. नर्सिंगची सीईटीपण दिली होती तिनं, त्याच्यात स्कोर बरा हाय, सरकारी बी.एस्सी. नर्सिंग लागू शकते असं गावातला एक जण म्हणून रायला. पण तिले नर्स नाही व्हायचं, मैत्रिणीनं सांगितलं फिजिओले नावापुढं डॉक्टर लावता येते. बाबा म्हणते वावर गहाण टाकू पण पोरीले शिकवू. मले फक्त एवढं सांगा, पास झाल्यावर पगार किती भेटते आन् कर्जाचा हप्ता किती बसते. वेबसाइटवरचे आकडे नका सांगू, तिथं सगळेच लाखात कमावून रायले.

झाडीपट्टी_एक्सप्रेस
धागा पकडून ठेवतो. माझ्या पुतणीचंही हेच चाललंय.

गुडघा_स्पेशालिस्ट
भाऊ मी फिजिओ आहे, वाशीम जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणी स्वतःचं क्लिनिक. जसं आहे तसं सांगतो, वाईट वाटून घेऊ नका.

पास झाल्यावर नागपुरात एका हॉस्पिटलात लागलो तेव्हा आठ हजार मिळायचे, रूमचं भाडं आणि डबा यात संपायचे. आज माझ्याकडे पोरं-पोरी विचारायला येतात तर नागपूर-अमरावतीत फ्रेशरला बारा ते पंधरा सांगतात, अठरा म्हणजे चांगली ऑफर. पुण्या-मुंबईला वीस-बावीस मिळतात पण तिथं कॉटबेसिस आणि लोकल यातच जातात. त्यात इंटर्नशिपचं वर्ष वेगळं, खाजगी कॉलेजात स्टायपेंड एकतर नसतो नाहीतर नावाला. आमच्या वेळी कोर्स साडेचार वर्षांचा होता, आता केंद्राच्या आयोगाचा (नॅशनल कमिशनचा) नवीन अभ्यासक्रम इंटर्नशिप धरून पाच वर्षांचा आहे, म्हणजे कमाई अजून सहा महिने पुढं.

खेड्यात क्लिनिकचं काय होतं ते ऐका. कंबर, मान, गुडघे, लकवा, फ्रॅक्चरनंतर आखडलेला हात, पेशंटला तोटा नाही, आपल्याकडे निंदण-वेचणी करून बायांच्या कमरा गेलेल्याच असतात. पण माणूस आधी जातो गावातल्या हाड बसवणाऱ्याकडे, मग मेडिकलवाल्याकडून गोळ्या, मग ऑर्थोकडे, आणि शेवटी माझ्याकडे. दहा दिवस बोलावलं की तिसऱ्या दिवशी दुखणं कमी झालं म्हणून येणं बंद. व्यायाम सांगितला की म्हणतात "व्यायाम तं वावरात होतेच, तुमी शेक द्या". मशीन लावलं नाही तर पैसे द्यायला जीवावर येतं लोकांच्या. घरी जाऊन लकव्याचे पेशंट करायचे तर मोटरसायकलवर पंचवीस किलोमीटर, व्हिजिटचे तीनशे, आणि त्यातले निम्मे "कापूस विकला की देतो". वर ऑर्थोवाल्याचा कट असतो तो कोणी सांगत नाही.

चार-पाच वर्षं तग धरला तर बरं चालतं, माझं आता खर्च जाऊन चाळीसच्या आसपास सुटतं, एखाद्या महिन्यात जास्त, पेरणीच्या दिवसांत अर्धंही नाही. मुद्दा हा की ती चार-पाच वर्षं हप्ता कोण भरणार? माझ्यावर कर्ज नव्हतं म्हणून मी टिकलो. माझ्या बॅचचे ज्यांच्यावर हप्ता होता त्यातले दोघं मेडिकल कोडिंगला गेले, एक जण विमा विकतो.

आणि डॉक्टर लावण्याचं म्हणाल तर त्यावरून अजून भांडणं चालू आहेत. सप्टेंबर 2025 मध्ये दिल्लीहून पत्र निघालं लावू नका म्हणून आणि दुसऱ्याच दिवशी मागंही घेतलं. त्या दोन अक्षरांवर सहा लाख लावू नका.

काउंटर_नंबर_तीन
मी बँकेत आहे, ग्रामीण शाखा, कोणती ते विचारू नका. हप्त्याचा हिशोब मी देतो.

दरवर्षी दीड लाख असे चार वर्षं उचलले, म्हणजे सहा लाख. व्याज सोपं जावं म्हणून 10 टक्के धरू. शिकत असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं, सरळव्याजानं. पहिल्या वर्षीच्या दीड लाखावर सहा वर्षांचं व्याज, दुसऱ्यावर पाच, असं करत 2 लाख 70 हजार होतात. मग हप्ता सुरू होतो तो सहा लाखांवर नाही, 8 लाख 70 हजारांवर. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण 11,500. पंधरा वर्षं घेतली तर 9,350 च्या आसपास, पण एकूण पावणेसतरा लाखांच्या वर भरावे लागतात.

आता वरच्या डॉक्टरसाहेबांचा पंधरा हजार पगार आणि साडेअकरा हजार हप्ता शेजारी ठेवून बघा.

अजून एक, वावर गहाण टाकायची गरजच नाही. मॉडेल शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत ना तारण ना स्वतःचा हिस्सा, साडेसात लाखांपर्यंतही मालमत्तेचं तारण लागत नाही, सरकारची क्रेडिट गॅरंटी आहे त्यासाठी. मॅनेजर सातबारा मागत असेल तर कोणत्या नियमानं ते लेखी मागा, बहुतेक वेळा तिथंच विषय संपतो. अडतं ते दुसरीकडेच. सहकर्जदार म्हणून वडिलांचा सिबिल (कर्जफेडीचा जुना रेकॉर्ड) निघतो आणि तिथं जुनं पीककर्ज थकीत. 2017 ची माफी झाली, 2019 ची झाली, पुढची येईल म्हणून लोकांनी भरणं सोडलं, आणि आता पोराच्या शिक्षणाची फाइल त्याच थकबाकीवर वापस जाते. रोज एक तरी बाप समोर बसतो असा, आणि मलाच वाईट वाटतं. तुमचं पीककर्ज नवं-जुनं केलेलं (जुनं भरून नवीन उचललेलं) आहे का ते आधी बघा.

कोरडवाहू_पाचएकर
साडेअकरा हजार महिन्याले म्हणजे वर्षाले एक लाख अडतीस हजार. 2025-26 चा लांब धाग्याचा हमीभाव 8,110 धरला, जो व्यापारी देतच नाही, तरी सतरा क्विंटल कापूस फक्त हप्त्यात गेला. आमच्या पाच एकरात तूर न लावता सगळा कापूस लावला तरी वीस-बावीसच्या वर नाही निघत, आन् त्याच्यातून वेचाई, फवारणी, खत जायचं हाय अजून. बाबाले दाखवला हा हिशोब, काहीच बोलले नाही, बाहेर जाऊन बसले.

पीककर्ज जिल्हा बँकेचं हाय, चालू हाय.

नाना_आर्वीकर
आमच्या काळी डी.एड.चं असंच वेड होतं. गावोगाव कॉलेजं निघाली, लोकांनी बैलजोड्या विकून पोरांना डी.एड. केलं, आता ती पोरं पतसंस्थेत पिग्मी गोळा करतात. गर्दी जिकडं चालली तिकडं जाऊ नये एवढंच म्हणतो.

यशस्वी_भविष्य_ॲडमिशन
नमस्कार सर, फिजिओथेरपीला भारतात व परदेशात प्रचंड स्कोप आहे. कॅनडा ऑस्ट्रेलियात महिना चार लाख पॅकेज. आमच्याकडे डायरेक्ट ॲडमिशन, हप्त्यांची सोय, मर्यादित जागा. मेसेज करा.

गुडघा_स्पेशालिस्ट
आले. साहेब, ऑस्ट्रेलियात प्रॅक्टिस करायला तिथल्या कौन्सिलच्या परीक्षा द्याव्या लागतात, त्यांची फी आपल्या इथल्या वर्षाच्या फीपेक्षा जास्त आहे, इंग्रजीची परीक्षा वेगळी. ते पण लिहा की जाहिरातीत.

सेतूवाला_बाप्या
अॅडमिन, वरच्या एजंटाचा मेसेज उडवू नका, राहू द्या, लोकांले समजू द्या.

आता मूळ मुद्द्यावर कोणीच आलं नाही म्हणून लिहितो. मी सेतू केंद्र चालवतो, दरवर्षी जून ते सप्टेंबर दाखले आन् महाडीबीटी (सरकारी स्कॉलरशिपचं पोर्टल) हेच काम. कोरडवाहू भाऊ, तुमची जात कोणती ते इथं नका सांगू, पण ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएस यापैकी कशात बसत असाल आन् घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर 8 जुलै 2024 चा जीआर काढून वाचा. मुलींची शिक्षण फी आन् परीक्षा फी शंभर टक्के माफ, व्यावसायिक कोर्सला, खाजगी विनाअनुदानित कॉलेजातसुद्धा. एससी, एसटी, व्हीजेएनटीवाल्यांच्या योजना आधीपासूनच वेगळ्या हाय.

पण अट एकच, ॲडमिशन कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी प्रवेशफेरीतून, पाहिजे. मॅनेजमेंट कोटा, संस्थास्तरावरची सीट, यात हे भेटत नाही. आन् अभिमत विद्यापीठं न स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठं यातून वगळलेली हाय. आपल्या विदर्भात लोकं इथंच फसतात, बिल्डिंग मोठी पाहून जातात, नंतर माझ्याकडं येऊन म्हणतात फॉर्म भरून दे, आता काय भरू डोंबल.

म्हणजे तुमाले फोन करणारा जे म्हणून रायला ना का राउंडची वाट कायले पाहता, ते काऊन म्हणून रायला ते समजलं का? राउंडमधून आली तं पोरीची फी सरकार देते, त्याच्या हातून आली तं तुमी देता. तीच सीट, तेच कॉलेज, तेच मास्तर.

काउंटर_नंबर_तीन
सेतूवाले दादा शंभर टक्के बरोबर. मग हिशोब पूर्ण बदलतो. फी माफ झाली तर फक्त हॉस्टेल-मेस, वर्षाचे 55 हजार धरले तर चार वर्षांचे 2 लाख 20 हजार. व्याज मिळून 3 लाख 19 हजार, दहा वर्षांचा हप्ता 4,200.

त्यातही पालकांचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर केंद्राची व्याज अनुदान योजना आहे, शिकतानाचं आणि पुढच्या एका वर्षाचं व्याज सरकार भरतं. मग 2 लाख 20 हजारच राहतात आणि हप्ता 2,900. यासाठी कॉलेज नॅक मूल्यांकन झालेलं किंवा संबंधित कौन्सिलची मान्यता असलेलं पाहिजे, ते ॲडमिशनच्या आधी विचारायचं, नंतर नाही. आणि हा लाभ कर्ज घेतानाच सांगून नोंदवून घ्या, उत्पन्नाचा दाखला फाइलला लावा, बऱ्याच शाखांत कर्मचाऱ्यालाच माहीत नसतो.

पीएम विद्यालक्ष्मी म्हणून जी नवी योजना 2024 च्या शेवटी आली ती रँकिंगमधल्या निवडक संस्थांसाठीच आहे. आपल्या तालुक्या-जिल्ह्यातली बहुतेक कॉलेजं त्यात नाहीत, त्यामुळे पेपरातली बातमी दाखवून माझ्याशी भांडू नका :)

पांढरा_एप्रन
मी नर्स आहे, सरकारी, गडचिरोली जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात. इथं सगळे फिजिओवर बोलून राहिले म्हणून नर्सिंगचं थोडं सविस्तर लिहिते, ताईला वाचायला द्या.

माझं बी.एस्सी. नर्सिंग सरकारी कॉलेजात झालं, फी खाजगीच्या पासंगालाही नव्हती. पास झाल्यावर पहिली दोन वर्षं नागपूरच्या एका खाजगी हॉस्पिटलात काढली, आयसीयू, पंधरा हजार, बारा-बारा तासांच्या नाइट, ओरिजिनल कागदपत्रं त्यांनी ठेवून घेतली होती आणि सोडायचं तर बाँडचे पैसे भरा म्हणत होते. हे आजही चालतं, हॉस्पिटल कोणतंही असो कागदपत्रं ओरिजिनल देऊ नका कोणीच. पण त्या दोन वर्षांत हात तयार झाला हे पण खरं.

मग अधिपरिचारिकेची (सरकारी स्टाफ नर्सची) परीक्षा निघाली. आता बेसिक 35,400 पासून सुरू होतं, महागाई भत्ता धरून कपात जाऊन हातात पन्नासच्या आसपास येतात, पगाराला दोन-चार दिवस उशीर होतो तेवढाच. एम्सचं नॉरसेट (त्यांची नर्स भरतीची परीक्षा) काढलं तर बेसिकच 44,900. सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) हा मधला रस्ता, उपकेंद्रावर कंत्राटी, पंचवीस हजार आणि कामावर आधारित पंधरापर्यंत. कंत्राटी म्हणजे कंत्राटी, दर वर्षी आदेशाची वाट आणि मुंबईला आंदोलन.

फिजिओ आणि नर्स यात पगारापेक्षा मोठा फरक जागांचा आहे. माझ्या रुग्णालयात नर्सची पदं बरीच आहेत, फिजिओचं एकही नाही. जिल्हा रुग्णालयात एक-दोन असतात, लहान मुलांच्या तपासणी केंद्रात एनएचएमचं (राष्ट्रीय आरोग्य अभियानाचं) एखादं. निवृत्त झाल्याशिवाय जागा रिकामी होत नाही. नर्सची जाहिरात दोन-तीन वर्षांत एकदा तरी येतेच, शेकड्यानं.

पण मी उलटही सांगते. जिला नर्स व्हायचंच नाही तिला जबरदस्तीनं पाठवू नका. उलटी, रक्त, लघवीची नळी, रात्री दोन वाजता दारू पिऊन आलेले नातेवाईक, पेशंट गेला की आधी सिस्टरच्या अंगावर येतात. आमच्या बॅचमधून ज्या मनाविरुद्ध आल्या होत्या त्यातल्या काहींनी लग्नानंतर सोडून दिलं. चार वर्षं गेली ती गेलीच.

झाडीपट्टी_एक्सप्रेस
ताई मुलांचं काय? पुतण्या पण आहे एक.

पांढरा_एप्रन
मुलांना कठीण. नॉरसेटमध्ये ऐंशी टक्के जागा मुलींना, वीस टक्के मुलांना. राज्यात पण मुलांना जागा कमीच मिळतात. आयसीयू, ओटी, ट्रॉमामध्ये खाजगीत मुलांना मागणी असते पण पगार तोच.

सिकलसेल_लॅबवाला
चंद्रपूरहून. सगळ्यांनी दोनच कोर्स धरले, मी लॅबचं सांगतो कारण गावात "डीएमएलटी कर न लॅब टाक" हा सल्ला फुकट मिळतो.

माझं डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) झालं तेव्हा लॅब टाकणं सोपं होतं. 2017 च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पीजी केलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच. म्हणजे मशीन माझं, भाडं माझं, रक्त मी काढणार, आणि सहीसाठी पॅथॉलॉजिस्टला महिन्याचे पैसे. तालुक्यात पॅथॉलॉजिस्ट नसतोच, तो चंद्रपुरात बसून पाच लॅबांवर सही करतो. हे किती चालेल मला माहीत नाही, मी आपला कंपनीच्या कलेक्शन सेंटरवर आलो. नवीन पोराला लॅबमध्ये आठ-दहा हजार मिळतात. सरकारीत प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी म्हणून लागला तर नर्सएवढाच पगार, पण बऱ्याच तपासण्या आता बाहेरच्या एजन्सीला दिल्या आहेत, जागा आटल्या. आमच्या भागात सिकलसेलच्या तपासणीचं एवढं काम आहे की प्रत्येक पीएचसीला दोन माणसं लागतील, काम आहे पण पद नाही अशी गत.

आणि तालुक्याला दुकानाच्या वर जी "पॅरामेडिकल इन्स्टिट्यूट" असतात, सहा महिन्यांत ओटी टेक्निशियन, एक वर्षात डायलिसिस, चाळीस हजार फी, त्यापासून लांब राहा. आधी विचारा महाराष्ट्र पॅरामेडिकल कौन्सिलकडे नोंदणी होते का. उत्तर गोल आलं की उठून या.

गुडघा_स्पेशालिस्ट
फिजिओसाठी पण तेच, राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी-फिजिओथेरपी कौन्सिलची नोंदणी लागते. आणि नागपूरच्या शासकीय मेडिकलमध्ये फिजिओ आणि ऑक्युपेशनल दोन्ही आहेत, जागा थोड्या आहेत पण पसंतीक्रमात सगळ्यात वर तेच टाका. ऑक्युपेशनल थेरपी लोकांना माहीतच नसते त्यामुळे कटऑफ थोडा खाली येतो, आणि ऑटिझम, सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी शहरात खूप मागणी वाढली आहे. खेड्यात मात्र शून्य.

मोठी_माय_अचलपूर
मी आई म्हणून लिहून रायली, माया मुलीनं बीपीटी (फिजिओथेरपीची डिग्री) केलं, कर्ज घेऊनच. तुमी सगळे पगार आन् हप्ता मोजून रायले पण पोरीच्या बाबतीत अजून एक गोष्ट असते ती कोणी लिहिली नाही. पास होईस्तोवर ती तेवीसची होते, हप्ता सुरू व्हायच्या टायमालेच पाहुणे यायला लागते. पहिला प्रश्न शिक्षण काय, दुसरा पगार किती, आन् कोणाच्या कानावर गेलं का पोरीच्या नावावर सात लाखाचं कर्ज हाय तं तिसरा प्रश्न येतच नाही. एका घरी तं सरळ म्हणे कर्ज फेडून मग या. आमी तिच्या बाबाच्या रिटायरमेंटच्या पैशातून निम्मं भरलं. जावई चांगले भेटले, बाकीचं दोघं मिळून भरून रायले, पण तिले पुण्यालेच राहावं लागते, इकडं येऊन क्लिनिक टाकतो म्हणे आधी, ते हप्त्यापायी राहूनच गेलं.

शिकवू नका असं नाही म्हणत मी. कर्ज कमी करा जितकं करता येईल तितकं.

काउंटर_नंबर_तीन
काकू तुम्ही लाख मोलाचं बोललात. मुलींच्या खात्यांवर लग्नानंतर हप्ते थांबतात आणि मग नोटीस माहेरच्या बापाला जाते, सहकर्जदार तोच असतो.

नाना_आर्वीकर
म्हणजे हुंड्याचं नवं नाव शैक्षणिक कर्ज.

पांढरा_एप्रन
नाना, हुंडा गेला तो गेला. कर्जातून निदान डिग्री तरी तिच्या नावावर राहते.

कोरडवाहू_पाचएकर
सगळ्यायचे मनापासून आभार. रात्री बहिणीले पूर्ण धागा वाचून दाखवला. नर्सताईचं वाचून थोडी नरमली पण नर्सिंगले हो नाही म्हणत अजून. मावशीचं (अचलपूरवाल्या) वाचून मात्र म्हणे का मी कर्ज घेणारच नाही. आता तिले समजावून रायलो का बिनव्याजी दोन लाख आन् पावणेनऊ लाख यात फरक हाय.

सेतूवाले दादा, एक अडचण. आमची कास्ट व्हॅलिडिटी निघाली नाही अजून, फक्त जातीचा दाखला हाय. नॉन क्रिमिलेअर मागच्या वर्षीचं. राउंडमध्ये चालते का?

सेतूवाला_बाप्या
काऊन बाप्पा, अकरावीतच टाकायची असते ना व्हॅलिडिटी, दरवर्षी हेच. असू द्या.

आज काय करा, जात पडताळणी समितीचा ऑनलाइन अर्ज भरा, विज्ञान शाखेतून असल्यानं कॉलेजचं पत्र लागते, बारावीच्या प्राचार्याकडून सही-शिक्का घ्या. पणजोबाचा शाळेचा दाखला न महसुली कागद, कोतवाल बुक, काय असल ते जोडा, नाहीतर त्रुटी निघते न महिना जाते. अर्ज केल्याची पावती भेटते, ती जपून ठेवा, पावतीवर मुदत देऊन प्रवेश देतात का ते त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेत लिहिलेलं असते, ते सीईटी सेलच्या साइटवरून घ्या, कोणाच्या व्हॉट्सॲपवर भरवसा ठेवू नका. क्रिमिलेअर नवीन काढा, तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला जोडून, मुदत संपलेलं चालत नाही. ईडब्ल्यूएस आन् ओबीसी दोन्ही काढायले जाऊ नका, एकच होते.

आन् बँकेचं खातं बहिणीच्या आधारले लिंक हाय का ते पाहा. महाडीबीटीचा पैसा आधारवरच पडते. आमच्या गावात एका पोरीचे पैसे तिच्या बापाच्या जनधनमध्ये पडले, त्यानं ट्रॅक्टरचं टायर बदललं.

गुडघा_स्पेशालिस्ट
फी माफ असली तरी कॉलेजवाले डेव्हलपमेंट फी, डिपॉझिट, युनिफॉर्म, वह्या-जर्नल असं करत वीस-तीस हजार काढतात, काही जण तर म्हणतात आधी पूर्ण भरा, सरकारचे आले की देऊ. शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवर प्रत्येक कॉलेजची मंजूर फी असते, तो कागद छापून सोबत न्या, बोलणं लगेच मऊ होतं.

सेतूवाला_बाप्या
हे बरोबर. आन् हॉस्टेल नाही भेटलं तं पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता किंवा ओबीसीची सावित्रीबाई फुले आधार योजना, यापैकी ज्यात बसत असाल ते भरा. दोन्ही एका वेळी नाही भेटत. पैसे उशिरा येतात पण येतात.

कोरडवाहू_पाचएकर
मग आता असं ठरवून रायलो. एजंटाले नाही सांगितलं. कॅपमध्ये पहिलं शासकीय फिजिओ, मग शासकीय ऑक्युपेशनल, मग नागपूर-अमरावतीचे खाजगी जिथं माफी लागते तेवढेच, अभिमतचं एकही नाव नाही. नर्सिंगचा फॉर्म वेगळा भरून ठेवतो, शासकीय लागलं तं पाहू, तिचा निकाल तीच लावन. राउंडमधून काहीच नाही भेटलं तं एक वर्ष थांबायचं का मॅनेजमेंटमधून घ्यायचं याच्यावर घरात भांडण चालू हाय, बाबा म्हणते वर्ष वाया नाही घालवायचं.

पांढरा_एप्रन
वर्ष गेलं तर जाऊ द्या. पुढच्या वर्षी नीट आणि नर्सिंग सीईटी दोन्ही परत देता येतात, सरकारी नोकरीला खुल्यातून 38 आणि मागास प्रवर्गाला 43 वय चालतं, अठराव्या वर्षी कुठं उशीर होतो. सहा लाख मात्र परत येत नाहीत.

नाना_आर्वीकर
बाबांना म्हणावं एक वर्ष नापेर गेलं समजा.

काउंटर_नंबर_तीन
आणि मॅनेजमेंट कोट्यातल्या ॲडमिशनला आमच्या शाखेत तरी मॉडेल योजनेतून कर्ज होत नाही. तेव्हा खरंच वावर गहाण पडेल, किंवा एखाद्या फायनान्स कंपनीचं तेरा-चौदा टक्क्यांचं घ्यावं लागेल. हे बाबांना सांगा.

झाडीपट्टी_एक्सप्रेस
डायलिसिस टेक्निशियनचं कोणी सांगेल का? पुतण्याला गोंदियाकडे बीपीएमटी मिळू शकतं म्हणतात.

सिकलसेल_लॅबवाला
बीपीएमटी आरोग्य विद्यापीठाची डिग्री आहे, नाशिकची, तीन वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप, शासकीय मेडिकल कॉलेजात असेल तर बिनधास्त घ्या, फी किरकोळ. डायलिसिसला काम भरपूर, आता उपजिल्हा रुग्णालयांतही मशीन आल्या, पण नेमणूक बहुतेक एजन्सीमार्फत, बारा-तेरा हजारांपासून. रेडिओलॉजी मिळत असेल तर ती आधी बघा, सीटी-एमआरआय शिकलेल्या पोराला खाजगीत लवकर पगार वाढतो. नवीन धागा काढा त्याचा, इथं सगळं मिसळून जाईल.